उशिरा पेटणारी फियाट

आपल्याकडे भजी तेलात असतात. जावामध्ये माणूस 'तेलात' असला की तो उशिरा आलेला असतो. तिथे हा शब्द कोणाला लागत नाही. लग्नाला तेलात, कचेरीत तेलात, मयतालाही तेलात. एक मयत सोडला तर बाकी सगळे. सालातिगा गावात वेळ रबराची असते असं लोक हसत हसत सांगतात, आणि आजूबाजूला रबराचेच मळे असल्यामुळे ते पटतंही. अशा गावात हा शब्द ऐकून डोकं फिरेल असा एकच माणूस होता, पाक कुंचोरो. नेमका त्यांनाच तो ऐकून घ्यावा लागला, आणि तोही कोबीच्या ट्रकवाल्याकडून.

पाक कुंचोरो हे तुंतांग स्टेशनचे शेवटचे स्टेशनमास्तर. तिकडे स्टेशनमास्तराला 'सेप' म्हणतात आणि मोठ्या माणसाला मानानं 'पाक', म्हणून अख्खं गाव त्यांना पाक सेप म्हणे. गाड्या बंद झाल्या, रुळांत शेळ्या चरायला लागल्या, पण ह्यांचं सेपपण काही सुटलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी मळ्यावरच्या एका मॅनेजरची जुनी फियाट घेतली. गोल पाठीची, स्टिअरिंगला गिअर असलेली, आपल्याकडच्या जुन्या टॅक्सीची सख्खी बहीण. ती त्यांनी आगगाडीसारखी चालवायला घेतली. म्हणजे निघायची वेळ ठरलेली, पोचायची वेळ ठरलेली आणि मध्ये जे कोणी येईल त्यानं बाजूला व्हायचं.

बायको लारासती तीन वर्षांपूर्वी गेली. तिला तिच्या माहेरी, कोपेंगच्या चढावरच्या कबरस्तानात ठेवलं होतं. तिच्या वर्षदिनाला पाक सेप मुलीला घेऊन निघाले, आणि गेतासानच्या वरच्या वळणावर फियाटनं मान टाकली. पुढेही जाईना, मागेही जाईना. गेली ती फक्त वाफ. रिकामा ट्रक घेऊन कोबी भरायला निघालेला एक ड्रायव्हर थांबला. त्यानं दोरी बांधून गाडी वर ओढली. तीही साऱ्या गावादेखत, कारण त्या गावात दुसरं काही बघण्यासारखं घडतच नव्हतं. दोरी सोडताना त्यानं धुराड्याच्या नळीजवळ तळहात धरला, झटकन मागे घेतला आणि म्हणाला, "पाक, नळी भाजतेय नुसती. तुमचं इंजिन तेलात आहे."

"काय आहे?"

"तेलात. ठिणगी उशिरा पडतेय."

पाक सेपनी त्याचे आभार मानले नाहीत. नोकरीच्या उभ्या आयुष्यात त्यांच्या वहीत स्वतःच्या नावापुढे हा शब्द कधी लागला नव्हता.

मुलगी वेनिंग शाळेत गणित शिकवायची आणि घरीही शिकवल्यासारखंच बोलायची. ती म्हणाली, "बापाक, पुढच्या महिन्यात न्याद्रान आहे. सगळं गाव कबरी झाडायला येणार. तेव्हा ही गाडी स्वतःच्या पायांनी वर गेली तर ठीक. नाही गेली तर सेमारांगच्या त्या जुन्या गाड्या जमवणाऱ्याला देऊन टाकायची. तुम्ही आईकडे मिनीबसनं जायचं."

मिनीबस! मिनीबस भरल्याशिवाय सुटत नाही. शेवटची सीट भरेपर्यंत कंडक्टर दाराला लटकून 'निघाली, निघाली' ओरडतो, आणि ती काही निघत नाही. लारासला भेटायला जायचं ते कोणाच्या तरी कोंबड्या मांडीवर घेऊन, आणि तेही कंडक्टरच्या मर्जीनं. पाक सेपना त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोह हुआतच्या गॅरेजात हजर झाले. कोह हुआत म्हणजे गावातला सगळ्यात जुना मेकॅनिक, घराणं चिनी. वय झालेलं, चष्म्याच्या काचा सोड्याच्या बाटलीच्या बुडासारख्या. फियाट पहिल्या दिवसापासून त्यांच्याच हाताखाली वाढलेली.

"कोह, आज डिस्ट्रिब्युटर उघडायचा."

"कशाला? परवाच तर प्लग पुसले."

"तुम्ही पंधरा वर्षं प्लगच पुसताय. आता ते आरशासारखे झालेत, मी त्यांत बघून भांग पाडतो."

"मग कार्बोरेटर बघू."

"कार्बोरेटर गेल्या महिन्यात बघितलात. त्याच्या आधीच्या महिन्यातही बघितलात. आता तो तुम्हाला बघून लाजतो."

"पाक सेप, चहा घ्या."

"घेतो. पण मला तेलात म्हणाला तो. मला!"

"तुम्हाला नाही हो, इंजिनाला."

"गाडी कोणाची?"

कोह हुआतनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. "टायमिंग बघायचं तर बारीक खूण दिसावी लागते. माझे डोळे हे असे. मुलगा सोलोला गेलाय. पुढच्या आठवड्यात या."

"तुम्ही हँडल फिरवा. बघायचं काम माझं. जन्मभर सिग्नलच बघितलेत मी, एक खूण दिसणार नाही का?"

आता पळायला वाट नव्हती. कोह हुआतनी डिस्ट्रिब्युटरचं काळं टोपण काढलं, आठ पायांच्या खेकड्यासारखं वायरींसकट बाजूला टेकवलं. आत दोन चिमुकले पॉइंट एकमेकांना चिकटून बसले होते. लवंगी सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद फाडून त्यांनी त्या दोघांच्या मध्ये सरकवला आणि त्याचं टोक पाक सेपच्या चिमटीत दिलं.

"हलकेच ओढून धरा. पॉइंट मिटलेले आहेत तोवर कागद येणार नाही. उघडले की सुटेल. सुटला, की ठिणगी पडली असं समजायचं. आणि खाली त्या पुलीवर खाच आहे, तिच्यासमोर इंजिनावर एक काटा आहे. खाच काट्यासमोर आली की कागद सुटला पाहिजे."

"म्हणजे पिस्टन वर पोचला की?"

"पोचायच्या थोडं आधी. आग पसरायला वेळ लागतो. पोचल्यावर पेटवलं तर तोवर पिस्टन परत खाली निघालेला असतो, मग कोणाला ढकलणार?"

"म्हणजे गाडी हलायच्या आधी घंटा."

"तसंच."

"वेळेवर असायचं तर वेळेच्या आधी असायला हवं," पाक सेप समाधानानं म्हणाले. हे ते आयुष्यभर गावाला सांगत आले होते, पण गावानं कधी मनावर घेतलं नव्हतं. इंजिन तरी आपल्या विचाराचं निघालं, याचं त्यांना बरं वाटलं.

कोह हुआत पुढे जाऊन हँडल फिरवू लागले. नको असलेल्या कामाला माणूस हात घालतो तसं, सावकाश. खाच वर आली. काट्याजवळ आली. काट्यासमोर आली. कागद जागचा हलला नाही. खाच काट्याला ओलांडून गेली, चांगली बोटभर पुढे गेली, आणि मग कागद अलगद चिमटीत आला.

"कोह."

"हं."

"खाच निघून गेली, मग कागद सुटला."

"पुली घसरली असेल."

"परत फिरवा."

परत फिरवलं. परत तेच.

"परत घसरली?"

पाक सेप वाकले. डिस्ट्रिब्युटरच्या मुळाशी, जिथे तो इंजिनात उतरतो तिथे, तांबड्या रंगाची एक बारीक रेघ होती. अर्धी डिस्ट्रिब्युटरवर, अर्धी इंजिनावर. कोणीतरी तो नेमक्या जागी बसवून, तिथून हलू नये म्हणून खूण करून ठेवली होती.

"ही रेघ कोणी मारली?"

कोह हुआत गिऱ्हाइकांशी खोटं बोलू शकत. स्वतःच्या हातच्या रेघेशी नाही. "मी," ते म्हणाले.

"म्हणजे आपोआप सरकलेला नाही."

"माझ्या गॅरेजात आपोआप काही सरकत नाही, पाक सेप." त्यांनी हँडल भिंतीला टेकवून ठेवलं आणि उलट्या बादलीवर बसले. "बू सेपनी सांगितलं होतं."

"कोणी?"

"तुमच्या मिसेसनी. ते कोंडेचं झालं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

कोंडेचं पाक सेपना आठवत होतं, फक्त वेगळं आठवत होतं. कोंडे म्हणजे सणाला डोक्यामागे लावायचा गंगावनाचा मोठा अंबाडा. ईदच्या दिवशी माहेराहून परतताना उतारावर त्यांनी ओळीनं तीन ट्रक मागे टाकले होते, आणि खिडकीतून आलेल्या वाऱ्यानं लारासचा कोंडे उडून एका बकऱ्याच्या अंगावर पडला होता. बकरा घाबरून नांगरलेल्या शेतात पळाला. पाक सेपच्या आठवणीत त्या दिवशीची मुख्य गोष्ट अशी होती, की ते घरी ठरल्या वेळेच्या सहा मिनिटं आधी पोचले.

"आल्या इथे," कोह हुआत म्हणाले. "डोक्याला रुमाल बांधलेला. म्हणाल्या, कोह, ह्या माणसाला अजून वाटतंय लाइन क्लिअर आहे. याच्या गाडीचं काहीतरी करा, पण याला कळू देऊ नका. मी म्हटलं, बू, टायमिंग मागे घेतलं तर गाडी धावणार नाही, इंजिन तापेल, त्याची तब्येत बिघडेल. तर म्हणतात, आणि माझी?"

"मग?"

"मग काय? मी मागे घेतलं. रेघ मारली. दर काप गो मेहच्या सणाला त्यांच्याकडून लोंतोंगचं भांडं यायचं, भाताच्या वड्या नि रस्सा. असं लोंतोंग माझ्या आईनंसुद्धा कधी केलं नाही, आणि चिनी घरातली ती होती."

पाक सेप उभेच होते. "म्हणजे पंधरा वर्षं मी तुम्हाला विचारतोय, कोह, गाडी ओढत नाही, आणि तुम्ही प्लग पुसताय. लोंतोंगासाठी!"

"वरून अंडीही असायची," कोह हुआत पडेल आवाजात म्हणाले.

"आणि ती गेल्यावर? तीन वर्षं झाली. भांडं बंद झालं ना?"

"भांडं बंद झालं. पण त्यांनी 'आता पुढे घ्या' असं कुठे सांगितलं?"

पाक सेप नोकरीत असते तर एकाला निलंबित केलं असतं. पण इथे दोन गुन्हेगारांपैकी एक बादलीवर बसला होता आणि दुसरी कोपेंगला. त्यांनी गार झालेला चहा उचलला.

तो पिता पिता त्यांना रस्ता आठवायला लागला. त्या कोंडेनंतरच गाडी तापायला लागली होती. चढावर अर्ध्यातच तापमानाचा काटा वर जायचा, आणि लारास म्हणायची, "पाकने, थांबा जरा. तिला श्वास घेऊ द्या." वेनिंगचा बाप म्हणून पाकने, नाव घ्यायची पद्धत तिच्या घरात नव्हती. ते बॉनेट उघडून घड्याळाकडे बघत उभे राहायचे आणि फियाटला शिव्या घालायचे. ती तोवर गवतावर चटई पसरायची. केळीच्या पानातले उकडलेले शेंगदाणे निघायचे. मग घड्याळ बघूनही इंजिन निवत नाही असं कळल्यावर तेही बसायचे. ती बोलायची. स्टेशनातल्या क्वार्टरबद्दल, पहाटेच्या मालगाडीनं पाळण्यातली वेनिंग दचकायची त्याबद्दल, त्यांना ठाऊकही नसलेल्या पॉइंट्समनच्या बायकोच्या भानगडीबद्दल. एकदा तर ती बोलता बोलता त्यांच्या खांद्यावर झोपली होती, आणि इंजिन केव्हाच गार झालं तरी ते उठले नव्हते. उशीर कशामुळे झाला ते घरी कोणी विचारलंही नव्हतं.

स्टेशनवर असताना त्यांच्या संसारात एवढं बोलणं कधी झालं नव्हतं. मध्येच गाडी यायची. आणि हे थांबे? हे त्यांनी आजवर वाया गेलेल्या वेळात धरले होते. बाईनं त्यांच्या रस्त्यावर बारा वर्षं थांबे घातले होते, आणि स्टेशनमास्तराला पत्ता नव्हता.

"तेव्हा इंजिन तरुण होतं," कोह हुआत म्हणत होते. "उशीर झाला तरी तापत, धापत का होईना पण चढायचं. आता त्याला तो उशीर झेपत नाही. मग सांगा, ठेवायचं आहे तिथे, की हलवायचं?"

पाक सेपनी रेघेकडे बघितलं. ठेवलं तर लारासचा हात इंजिनावर राहील, पण तिच्यापर्यंत जायचं ते मिनीबसनं, नाहीतर ट्रकच्या दोरीला बांधून. हलवलं तर पोचतील. पण तिनं बांधलेलं सोडून.

"एवढी हुशार होती," ते शेवटी चिडून म्हणाले, "तर चढावर जाऊन कशाला झोपली? खाली झोपायचं होतं." आणि मग म्हणाले, "हलवा."

कोह हुआतनी बोल्ट सैल केला. परत कागद लावून, खाच काट्यासमोर आणून, डिस्ट्रिब्युटर नखभर, मग आणखी नखभर फिरवला, तसा कागद सुटला. टोपण बसवून इंजिन चालू केलं. मग त्यांनी चष्मा खिशात ठेवला, डोळे मिटले आणि तळहातानं डिस्ट्रिब्युटर केसाएवढा पुढे, केसाएवढा मागे करत राहिले. इंजिनाचा आवाज चढत गेला, मोकळा झाला. आजारातून उठलेला माणूस पहिल्यांदा जोरात हाक मारतो, तसा.

"आणखी पुढे घ्या," पाक सेप म्हणाले.

"आणखी घेतलं तर चढावर त्याला गुदगुल्या होतील. आत कोणीतरी चमचे वाजवल्यासारखा आवाज येईल. फार गुदगुल्या केल्या तर माणूस मरतो, इंजिनही मरतं." त्यांनी बोल्ट आवळला. रेघेचा वरचा तुकडा आता खालच्या तुकड्यापासून लांब गेला होता. कोह हुआतनी पेट्रोलचा बोळा उचलला.

"पुसू नका," पाक सेप म्हणाले.

न्याद्रानच्या दिवशी वेनिंग फुलांच्या पाकळ्यांची टोपली आणि तांदळाच्या गोड आपेमचा डबा मांडीवर घेऊन शेजारी बसली. तोंडावर मिनीबसचं वेळापत्रक होतं. म्हणजे काहीच नव्हतं. पाक सेपनी नुसता पहिला गिअर टाकला.

गेतासान कधी आलं आणि कधी गेलं ते गेतासानलाही कळलं नाही. वरच्या वळणावर फियाट अशी चढली, की जणू वरून कोणी हाक मारत होतं. पाक सेपनी एक मिनीबस मागे टाकली, दुसरी टाकली, शेळ्यांनी भरलेली पिकअप टाकली. ते गुणगुणायला लागले. टोपीखाली ते पुन्हा चाळिशीतले झाले होते, तुंतांगच्या फलाटावर हातात झेंडी, आणि समोरून धाडधाड जाणारी गाडी, जिला थांबायचं नव्हतं.

"बापाक!"

"बघितलंस? स्वतःच्या पायांनी!"

"बापाक, पाकळ्या!"

टोपलीतल्या अर्ध्या पाकळ्या खिडकीतून निघून मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्यावर पडत होत्या. त्या माणसाचं नवऱ्यामुलासारखं स्वागत झालं आणि तो गटाराच्या कडेला जाऊन थांबला.

कबरस्तानात ते सगळ्यांच्या आधी पोचले. इतक्या आधी, की राखणदार अजून तोंड धूत होता. झाडू नव्हते, मौलवी नव्हते, माणूस नव्हता. दोघांनी हातांनीच कबरीवरची पानं वेचली. उरलेल्या पाकळ्या पसरल्या. पाक सेप उकिडवे बसले.

"आलो," ते कबरीला म्हणाले. "ट्रकबिक काही नाही. स्वतः." त्यांनी एक पाकळी सरळ केली. "कोह हुआतनी सांगितलं सगळं. बकऱ्याचं एवढं मनाला लावून घेशील असं वाटलं नव्हतं."

वेनिंगनं चमकून बघितलं, तेव्हा त्यांना तिलाही सांगावं लागलं. कागद, खाच, रेघ, लोंतोंग. ऐकता ऐकता ती हसायला लागली. हसता हसता तिनं ओढणीचा पदर डोळ्यांना लावला, आणि मग बराच वेळ तो खाली घेतला नाही.

"बरं," नाक पुसून ती म्हणाली. "गाडी राहील. कोणाला द्यायची नाही."

"मी म्हटलंच होतं."

"पण खाली मी नेणार."

"का? मी काय..."

"बापाक, तुम्ही नेलीत तर आजच आईशेजारच्या दोन जागा बघून ठेवाव्या लागतील. आईनं डिस्ट्रिब्युटर मागे घेतला. मला तेवढं येत नाही. मी किल्ली घेते."

पाक सेपनी कबरीकडे बघितलं. तिकडून मदत येण्याची चिन्हं नव्हती. उलट, आज ती मुलीच्या बाजूनं होती यात त्यांना शंका वाटेना. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि एखादं स्टेशन दुसऱ्याच्या ताब्यात देतात तशी दोन्ही हातांनी दिली.

फियाटमध्ये डावीकडे बसण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. पायांना काही काम नव्हतं, ते उगीच हलत होते. सुरुवातीला त्यांनी तिचे गिअर मोजले, आरसे तपासले, दोनदा 'ब्रेक' म्हणाले. मग बघायला काही उरलं नाही म्हणून खिडकीबाहेर बघितलं.

बांबूच्या दोन बेटांमध्ये, खूप खाली, पाणी चमकलं. लगेच बांबू आले. पुढच्या वळणावर परत दिसलं: रावा पेनिंगचा अख्खा तलाव, ताटासारखा, कडेला भाताची खाचरं, आणि त्या कडेनं गेलेली एक सरळ काळी रेषा. तो रुळांचा बांध होता. रेषेच्या टोकाशी पांढरा ठिपका. तिथे एकच पांढरी इमारत होती, तुंतांग स्टेशनची, आणि तिच्या मागच्या खोलीत वेनिंगचा पाळणा होता. ठिपका नीट ओळखू येईतो बांबू परत आडवे आले.

या रस्त्यानं ते किती वर्षं उतरत होते. स्टिअरिंगवरून दिसायचा तो नुसता रस्ता, आणि त्यावर मागे टाकायच्या गाड्या. तलाव फक्त डाव्या खिडकीला होता, बांबू संपून बांबू लागेपर्यंत. ते ज्या वेगानं उतरत त्या वेगात तिथे बसणाऱ्या लारासला एवढंच कळलं असतं, की आत्ता काहीतरी चमकून गेलं.

बकऱ्याचं आपण उगीच म्हणालो, असं त्यांच्या मनात आलं.

"वेनिंग, हळू घे."

"बापाक, मी तिसऱ्या गिअरमध्येसुद्धा नाहीये."

"तरी हळू."

तिनं एकदा वडिलांकडे बघितलं, एकदा त्यांच्या खिडकीकडे, आणि पाय सैल सोडला. पुढची बांबूची फट आली तेव्हा फियाट चालत होती म्हणजे केवळ थांबलेली नव्हती इतकंच. मागून कोणीतरी लांबलचक हॉर्न दिला. पाक सेपनी मान वळवली नाही. डोळे खालच्या पाण्यावर ठेवूनच त्यांनी हात बाहेर काढला आणि त्याला पुढे जायची खूण केली.